ओढ्याकाठची काटेरी झुडपे न तोडण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : कर्मचारी निवासस्थानांमागील ‘वन्यजीव व भू-परिसंस्था संरक्षित क्षेत्रा’त उरलेली काटेरी झुडपे येत्या सोमवारी साफ न करण्याबाबत, तसेच सदर क्षेत्रातील वन्यजीव आमच्या न्हाणीघरातून परत नेण्याबाबत.

संदर्भ : १) उद्यान अधीक्षकांची निवासस्थानांच्या फलकावरील सूचना, ‘सोमवारी सकाळी यंत्राद्वारे अंतिम स्वच्छता’.
२) माझा यापूर्वीचा अर्ज, जो आवक विभागाने घेतला नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळवते की,

१. मी निवासस्थान क्रमांक अकरा, तळमजला, मागची बाजू, येथे राहते. निवासस्थान माझ्या यजमानांच्या नावे असून ते भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहेत. त्यांची नोकरी अद्याप कायम झालेली नाही. त्यामुळे ‘या अर्जाशी माझा काही संबंध नाही असं स्पष्ट लिही’ असे त्यांनी मला बजावले आहे, आणि त्याप्रमाणे स्पष्ट लिहीत आहे. अर्जातील भाषा, माहिती आणि राग सर्वस्वी माझा आहे. घरात आम्हां दोघांखेरीज सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी आहे. मुलगी नुकतीच चालायला लागली आहे. दिसेल ते धरणे आणि धरलेले तोंडात घालणे, हा तिचा सध्याचा अभ्यासक्रम आहे.

२. मागील अर्ज आवक विभागातील बाईंनी खिडकीतून परत सरकवताना, ‘तुम्ही कर्मचारी नाही, मग तुमची तक्रार कशी? आणि मुद्द्यांना नंबर घाला, बिननंबरी मुद्दे साहेब वाचत नाहीत,’ असे सांगितले. कर्मचारी होणे माझ्या हाती नव्हते. नंबर घातले आहेत.

३. आम्ही येथे राहायला आलो तेव्हा घरामागची, ओढ्यापर्यंत उतरत जाणारी जमीन दिसायला अगदी वाईट होती. वाळके गवत, काट्यांची गर्दी, एक वठलेले झाड, तीनचार वारुळे, आणि सगळीकडे कुजलेल्या पानांचा पाय बुडेल असा थर. त्या थराखाली कोण कोण राहते ते मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ठाऊक करून घ्यायचे नव्हते. ते तिकडे, आम्ही इकडे. मधे तारेचे कुंपण आणि एकमेकांविषयी पुरेशी भीती. त्यांनी आम्हांला कधी काही त्रास दिला नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांविषयी मी असे म्हणू शकत नाही.

४. मागील सत्रात विद्यापीठाने ही जमीन संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केली. मूल्यांकनासाठी बाहेरून पाहणी पथक यायचे आहे आणि त्याला असे एक क्षेत्र दाखवावे लागते, असे यजमानांकडून समजले (त्यांचा या अर्जाशी संबंध नाही). घोषणेचा मला आनंदच झाला. मग क्षेत्रासाठी संरक्षण समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी वाणिज्य विभागप्रमुख. प्राणिशास्त्रवाल्यांना घेतले की त्यांची प्राण्यांविषयी आधीच काही मते असतात आणि बैठका लांबतात, म्हणून त्यांना वगळले, असे कानावर आले. सचिवपदी उद्यान अधीक्षक. अधीक्षकांची हिरवळ सबंध विद्यापीठाला माहीत आहे. तिच्यावर एखादे पान पडले तर ते झाडाकडे रागाने बघतात.

५. समितीच्या पहिल्याच बैठकीत असे लक्षात आले की, संरक्षित क्षेत्र पाहुण्यांना दाखवण्यासारखे नाही. सबब संरक्षणापूर्वी स्वच्छता करण्याचे ठरले. आठवडाभर यंत्रे घरघरत होती. गवत गेले. वठलेले झाड गेले. वारुळे सपाट झाली. पानांचा थर ट्रॉलीत भरून मैदानाच्या कडेला जाळला, त्या धुराने मुलगी दोन दिवस खोकत होती. मोकळ्या झालेल्या जमिनीवर तयार हिरवळीच्या गाद्या अंथरल्या. एवढे संरक्षण झाल्यावर वन्यजीव दिसेनात, म्हणून सिमेंटचे आणून बसवले : एक हरीण, एक बिबट्या, एक ससा. ससा बिबट्याहून थोडा थोराड आहे. जवळच ‘शांतता राखा, हा वन्यजीवांचा अधिवास आहे’ असा फलक लावला. पक्षी निघून गेल्यामुळे शांतता जरा जास्तच झाली. ती पाहुण्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कानांत, येईल म्हणून दिव्यांच्या खांबांवर कर्णे बसवले, आणि आता त्यांतून पक्ष्यांचे आवाज वाजतात. हे पक्षी कार्यालयीन वेळेत बोलतात आणि जेवणाच्या सुटीत बंद असतात.

६. आधी तिथे राहणाऱ्यांनी आता कुठे जावे, याविषयी समितीने काही ठराव केला नव्हता. त्यामुळे त्यांनी आपल्या अकलेने निर्णय घेतला आणि सगळ्यांत जवळची सावली गाठली. सगळ्यांत जवळची सावली म्हणजे निवासस्थान क्रमांक अकरा. सध्या आमच्या न्हाणीघरात बेडूक आहेत. मागच्या पाण्याच्या टाकीखाली मुंगसाचे चौकोनी कुटुंब आहे. झरोक्यात पिंगळ्यांची जोडी आहे, आणि ती दिवसभर समोरच्या कर्ण्यातल्या पिंगळ्याशी भांडते, कारण तो आपले म्हणणे सोडत नाही. धुण्याच्या दगडाखाली कोण आहे ते मी वाकून पाहिलेले नाही. सासूबाईंनी पहिले काही दिवस सगळ्यांना झाडूने हाकलून पाहिले. आता त्या न्हाणीघरात शिरण्याआधी दार वाजवतात.

७. एके दिवशी सकाळी मी कणीक मळत असताना मुलगी न्हाणीघरात एकटीच खुदूखुदू हसत असल्याचे ऐकू आले. मूल रडत असेल तर आईने जावे. एकटेच हसत असेल तर धावावे. मी धावले. मुलगी पिंपाशेजारी फतकल मारून बसली होती आणि तिच्या मुठीत शेपटी होती. शेपटीच्या पुढचा ऐवज पिंपामागे होता. तो माझ्या उंचीहून जास्त असावा, आणि तो निघून जाण्याची पराकाष्ठा करत होता. मुलगी सोडत नव्हती. मी पुढे काय केले ते मला आठवत नाही. सासूबाई सांगतात की मी ओरडले नाही, काही नाही, खाली बसले आणि तिचे एकेक बोट उलगडून सोडवले, जसे आपण तिच्या मुठीतून कात्री सोडवून घेतो तसे. त्यानंतर मी दुपारपर्यंत तिला खाली ठेवले नाही. हाताला लागलेली कणीक तिच्या झबल्यावर वाळून गेली होती.

८. साप पकडण्यासाठी प्राणिशास्त्र विभागातील एक संशोधक विद्यार्थिनी आली. ‘ताई, धामण आहे, बिनविषारी. तुमच्यापेक्षा तीच जास्त घाबरलीये,’ असे तिने सांगितले. धामणीला दीड वर्षाची मुलगी आहे का, असे मी विचारले. ‘अंडी असतील कदाचित,’ असे विद्यार्थिनीचे उत्तर आले. धामण पिशवीत गेली. पकडलेला वन्यजीव संरक्षित क्षेत्रातच सोडायचा, असा समितीचा आदेश असल्याने अध्यक्ष, उद्यान अधीक्षक आणि छायाचित्रकार हजर झाले. हिरवळीच्या मध्यावर, हरणाच्या पायाशी, पिशवीचे तोंड उघडण्यात आले. टाळ्या झाल्या. धामणीने मान उचलून चहूकडे पाहिले. वर ऊन. खाली लपायला ना गवत, ना बीळ, ना एक वाळके पान. तिने सरळ रेषेत हिरवळ ओलांडली, कुंपणाखालून गेली आणि मोरीच्या भोकातून न्हाणीघरात शिरली. मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्यामुळे ती माझ्याआधी घरी पोचली.

९. हा कार्यक्रम त्यानंतर पुनःपुन्हा झाला : पकडणे, पिशवी, हरीण, छायाचित्र, टाळ्या, मोरी. धामणीच्या शेपटीचे टोक तुटलेले आहे. त्यामुळे ही तीच, हे आमच्या घरात मुलीलासुद्धा कळते आणि ती ओळखीचे हसते. समितीच्या छापील अहवालात मात्र ‘पुनर्वसित धामणी : सात’ अशी नोंद आहे, आणि तिच्याखाली ‘संरक्षणामुळे क्षेत्रातील सर्पसंख्येत लक्षणीय वाढ’ असा निष्कर्ष आहे. मी अध्यक्षांना भेटून सांगितले की, सर, धामण एकच आहे. ते माझ्यावर मुळीच रागावले नाहीत. ‘हे बघा ताई, प्रत्येक सुटका हा स्वतंत्र व्यवहार असतो,’ असे त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजावावे तसे मला समजावले. टाकीखाली मुंगूस असताना न्हाणीघरात साप राहीलच कसा, अशी शंकाही त्यांनी काढली. माझ्या मते घर गेल्यावर दोघांनी तूर्त जुने वैर बाजूला ठेवले आहे. शेवटी मी म्हटले, ‘बरं, सात तर सात, पण सातही माझ्याकडे राहतात.’ त्यावर ते म्हणाले, ‘तेच तर. तुमचं सहकार्य फार मोठं आहे.’ दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर घरी ‘वन्यजीव मित्र’ असे प्रशस्तिपत्र आले. यजमानांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावले. त्याच्यामागे आता एक पाल राहते.

१०. येथवरचे सर्व मी सहन करीत होते आणि आणखीही केले असते. या अर्जाचे खरे कारण पुढे आहे.

ओढ्याच्या काठाने काटेरी झुडपांचा एक पट्टा उरला आहे. कुणाला दया आली म्हणून तो उरलेला नाही. उतारावर यंत्र घसरत होते म्हणून उरला. तिथे काय आहे, असे मी त्या विद्यार्थिनीला विचारले. एरवी ती विचारल्याच्या दुप्पट सांगते. या वेळी मोजकेच म्हणाली, ‘ताई, तिथे नाग आहेत. आहेत तिथे बरे आहेत, कुणाच्या अध्यात नाहीत. फक्त त्यांना तिथनं उठवू नका म्हणावं.’ आणि पुढे, माझ्याकडे न बघता, ‘उठवले तर मात्र मुलीला काही दिवस दुसरीकडे ठेवा.’

त्याच संध्याकाळी फलकावर संदर्भ क्रमांक एकची सूचना लागली.

११. मी मुलीला कडेवर घेऊन उद्यान अधीक्षकांना भेटले. ते हिरवळीची कड मोठ्या कात्रीने सरळ करत होते. त्यांनी ऐकून घेतले, हे मी नमूद करते. त्यांचे म्हणणे असे पडले की, ‘अहो, ते काटे फोटोत फार घाण दिसतात. बुधवारी पाहुणे येणार. उतारावर चालणारं यंत्र मुद्दाम मागवलंय सोमवारी.’ तिथे नाग आहेत, असे मी सांगितले. ‘मग तर काढायलाच पाहिजे. तुमच्यासारख्यांच्या लेकराबाळांचा प्रश्न आहे,’ असे ते म्हणाले, आणि त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला. माझ्या मुलीच्या काळजीपोटी ते नागांना माझ्या मुलीकडे धाडत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले नाही. मी एवढेच विचारले की, काढल्यावर ते जातील कुठे. ‘जंगलात.’ मी विचारले, जंगल कुठे आहे. त्यांनी हातातल्या कात्रीने ‘शांतता राखा’च्या फलकाकडे दाखवले.

१२. सध्याची वस्तुस्थिती अशी की, मोरीच्या भोकात मी यजमानांचा जुना सदरा कोंबला आहे. आंघोळीआधी काठी आपटून सगळे कोपरे पाहते. अंथरुणे झटकते, चपला झटकते, खेळण्यांची टोपली पालथी करते, आणि हे झाल्यावर आपण काय विसरलो ते आठवत बसते. नुकत्याच चालायला शिकलेल्या मुलीला मी दिवसभर कडेवर घेऊन हिंडते. ती पाय झाडते, खाली उतरव म्हणून माझे केस ओढते. तिला कारण सांगता येत नाही. यजमान म्हणतात, ‘जा ना माहेरी चार महिने.’ सासूबाई म्हणतात, ‘आपण का जायचं? आपण कुणाचं घर मोडलंय?’ या वाक्यानंतर यजमानांनी पुन्हा माहेरचा विषय काढला नाही.

१३. मी वन्यजीवप्रेमी आहे, असा आपला समज झाला असल्यास तो प्रशस्तिपत्रामुळे झाला असावा. मला साप आवडत नाहीत. मुंगूस आवडत नाही. बेडकांचे मी काही बोलत नाही. मला हे सगळे माझ्यापासून लांब हवे आहेत. परंतु कुणी लांब राहावे असे वाटत असेल तर त्याला राहायला लांब कुठेतरी जागा शिल्लक ठेवावी लागते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकले, प्राणिशास्त्र नव्हे, तरी एवढे मला कळते. वाळके गवत, काटे आणि कुजकी पाने दिसायला चांगली नसतात. आम्हीही सकाळी घरात दिसायला चांगले नसतो, म्हणून कुणी आमचे घर सपाट करून वर हिरवळ अंथरत नाही.

१४. तरी विनंती की,

(अ) सोमवारचे यंत्र थांबवावे आणि ओढ्याकाठची झुडपे आहेत तशी राहू द्यावीत. फोटोत ती येऊ नयेत असे वाटत असल्यास कॅमेरा दुसरीकडे वळवावा. झुडपांपेक्षा तो हलवायला सोपा आहे.

(ब) ओढ्याच्या बाजूची अर्धी हिरवळ गुंडाळून न्यावी आणि त्या जमिनीकडे दोनतीन वर्षे कुणीही अजिबात लक्ष देऊ नये. लक्ष न देण्याचे काम एखाद्या अनुभवी विभागाकडे सोपवावे.

(क) आवारातील वाळकी पाने न जाळता त्या जमिनीवर पसरावीत. निवासस्थानांतील सर्व बायका आपापल्या अंगणातली पाने तिथे नेऊन टाकायला तयार आहेत. आम्ही आपसांत बोललो आहोत.

(ड) बुधवारी पाहणी पथकाला वन्यजीव दाखवायचेच असतील तर त्यांना आमच्या न्हाणीघरात आणावे. एका वेळी दोघे मावतील. चपला झटकून घालाव्यात.

१५. आज शनिवार आहे. आवक विभाग हा अर्ज घेईल आणि कार्यालय बंद करून सगळे घरी जातील. सोमवारी आपले कार्यालय उघडून हा कागद आपल्या टेबलावर पोचेतो यंत्र ओढ्याशी पोचलेले असेल, हे मी जाणून आहे. म्हणून यजमानांना न विचारता पुढील बाब आपल्या माहितीसाठी कळवते. सोमवारी उजाडल्यापासून मी हिरवळ संपते तिथे, झुडपांच्या अलीकडे, यंत्राच्या वाटेत चटई टाकून बसणार आहे. मुलीला सासूबाई दारे लावून घरात सांभाळतील. मी झुडपांकडे पाठ करून बसेन. याची मला किती भीती वाटते ते लिहिण्यासारखे नाही. परंतु झुडपांतले नाग मला पाहून आत राहतील अशी आशा आहे. यंत्र पाहून ते आत राहणार नाहीत, ही खात्री आहे.

मला तिथून उठवण्यासाठी सुरक्षारक्षक पाठवले जातील. त्यांना पाठवण्यापूर्वी आपण कृपया समितीची नियमावली मागवून तिचा सहावा नियम पाहावा. तो असा आहे : ‘क्षेत्रात आढळलेल्या कोणत्याही सजीवास कुलसचिवांच्या लेखी परवानगीशिवाय हलवू नये, हुसकावू नये अथवा इजा पोचवू नये.’ खाली आपली सही आहे. वारुळे फोडताना हा नियम कुणी उघडून पाहिला नाही, आणि आपल्याकडे कुणी परवानगीही मागितली नाही. सोमवारी ती मागतील.

ती आपण देऊ नये, एवढेच मागणे आहे.

आपली नम्र, आणि सोमवारी जागेवरच आढळणारी,

(सही)
निवासस्थान क्रमांक अकरा,
तळमजला, मागची बाजू.

दिनांक : शनिवार, आवक विभाग बंद होण्यापूर्वी.